वाचकाच्या नावाने खडे फोडू नका

मराठी नियतकालिकांच्या संपादकांचा कुठलाही मेळावा घ्या, पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘मराठीत आता वाचकच उरला नाही.’ मग सुस्कारे सुटतात. मोबाइलला शिव्या, इंग्रजी शाळांना शिव्या, टपाल खात्याला शिव्या, आणि समारोपाला सरकारी अनुदानाचा ठराव. या मेळाव्यांना मी वर्षानुवर्षं जात आले आहे. मासिकं वर्गणी भरून घेतली, त्यांत लिहिलं, एका छोट्या त्रैमासिकासाठी प्रूफं तपासण्यापासून पाकिटांवर पत्ते चिकटवण्यापर्यंत सगळी कामं केली. त्या अनुभवाच्या बळावर सांगते : हे वाक्य खोटं आहे. तुम्ही वाचकाशी बोलणं थांबवलंत, त्याच्या पत्राला उत्तर देणं थांबवलंत, त्याला सांगण्यासारखं तुमच्याकडे काही उरलं नाही, आणि आता त्याच्याच नावाने खडे फोडता आहात.

नियतकालिक जगतं ते दोन गोष्टींवर. संपादकाला एखाद्या प्रश्नाने झपाटलेलं असावं लागतं आणि त्या प्रश्नाबाबत वाचकापुढे उत्तरदायी राहायची त्याची तयारी असावी लागते. कागद, छपाई, वितरण, जाहिराती हे सगळं लागतंच, पण त्यांचा क्रम नंतरचा. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेला अंकही रद्दीच्या भावाचा. हे मी पुस्तकी तत्त्व म्हणून सांगत नाही. मराठी नियतकालिकांचा इतिहास पानोपानी हेच सांगतो, आणि तो तुम्ही भाषणांत मिरवता, पण त्यातून शिकत काहीच नाही.

१८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख, पंचविशीतले सरकारी नोकर. संपादक होते भाऊ महाजन. दोन-तीन वर्षांत पत्रांची संख्या शंभराच्या वर गेली आणि ‘शतपत्रे’ म्हणून ती कायमची ओळखली जाऊ लागली. ब्राह्मणी वर्चस्व, बायकांचे हाल, अडाणी रूढी, इंग्रजांपुढे आपण का हरलो, या सगळ्यांवर त्यांत परखड लिहिलेलं होतं. समाजातले वजनदार लोक दुखावणार हे उघड होतं, तरी भाऊ महाजनांनी ती छापली. मराठी वैचारिक गद्याची एक भक्कम पायरी संपादकाला लिहिलेल्या पत्रांनी बांधली गेली.

आजच्या अंकांत वाचकांच्या पत्रांना किती पानं मिळतात ते पाहा. बहुतेकांनी तो विभाग ‘जागेअभावी’ कधीच काढून टाकला आहे. जिथे तो उरला आहे तिथे काय छापून येतं? ‘अंक नेहमीप्रमाणे वाचनीय.’ ‘मुखपृष्ठ देखणं.’ ‘संपादकीय अंतर्मुख करणारं.’ चूक दाखवणारं, लेखकाशी वाद घालणारं, संपादकाला जाब विचारणारं पत्र टोपलीत जातं. मी अशी पत्रं लिहिली आहेत. एका प्रतिष्ठित मासिकात छापलेल्या लेखातल्या चुकीच्या सनावळ्या पुराव्यानिशी कळवल्या, तर दुरुस्ती छापली गेली नाहीच, पोचही आली नाही. वर पुढच्या समारंभात संपादकांनी व्यासपीठावरून सांगितलं की वाचक प्रतिसाद देत नाहीत. प्रतिसाद दाबून ठेवायचा आणि तो येत नाही म्हणून गळा काढायचा, याला मी अप्रामाणिकपणा म्हणते.

वाचकाला उत्तर देणं म्हणजे काय असतं ते र. धों. कर्व्यांकडे पाहून समजून घ्या. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे त्यांची प्राध्यापकी गेली होती. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. शरीरसंबंधांबद्दल नवरा-बायकोही मोकळेपणी बोलत नव्हते अशा काळात या माणसाने वाचकांना शंका विचारायला लावल्या आणि त्यांची शास्त्राला धरून उत्तरं छापली. अश्लीलतेच्या एका खटल्यात त्यांना आधी दंड झालेला होता. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पुन्हा दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्व्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिलं. श्रीमंत पाठीराखा नाही, समाजात मान नाही, जाहिरातदार जवळ फिरकत नाहीत, आणि तरी सव्वीस वर्षं!

वाचकाच्या पत्राला उत्तर दिलं म्हणून कोर्टात उभा राहिलेला संपादक या भाषेने पाहिला आहे. त्याच भाषेत आज ‘अंक मिळाला नाही’ असं वर्गणीदाराने वारंवार कळवलं तरी कुणी ओ देत नाही. एका मासिकाची मी आजीव वर्गणी भरली होती. काही वर्षांनी अंक यायचा थांबला. चौकशी केली, तर मासिक बंद झाल्याचं तिसऱ्याच माणसाकडून समजलं. वर्गणीदारांना एका ओळीचं पत्र नाही, हिशेब नाही, माफी नाही. शेकडो लोकांकडून आयुष्यभराची वर्गणी घ्यायची, ती पुढच्या दोन अंकांच्या छपाईत संपवायची आणि मग गुपचूप दुकान बंद करायचं, हे अनेकांनी केलं आहे. पैशांपेक्षा मोठं नुकसान पुढे होतं. असा फसलेला वाचक दुसऱ्या, प्रामाणिक मासिकाचीही वर्गणी भरताना हात आखडता घेतो. वाचक तुटला तो असा. त्याला तोडणारे आपल्यातलेच आहेत.

आता ध्यासाकडे वळते, कारण हा शब्द प्रत्येक संपादकाच्या सत्कारात वापरला जातो. घरचे दागिने विकून मासिक काढलं, प्रकृतीची पर्वा केली नाही, सुट्टी घेतली नाही, या कहाण्या मी आदराने ऐकते. पण त्यानंतर माझा एकच प्रश्न असतो : कशासाठी? मुखपृष्ठाच्या आत ‘संपादक’ म्हणून आपलं नाव पाहण्याची ओढ हा ध्यास नव्हे. ध्यास विषयाचा असतो. समाजातली एखादी गोष्ट अशीच चालू राहता कामा नये, किंवा एखादी गोष्ट लोकांना कळलीच पाहिजे, या तगमगीतून पत्र जन्माला येतं. तुमच्या मासिकाला कोणत्या प्रश्नाने झोपू दिलं नाही, हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर मासिक कशाला काढता?

कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला. तो चालेना, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवायला घेतला. ज्यांच्यासाठी चालवायचा ते गिरणीत उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबणारे मजूर, आणि त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. आजच्या हिशेबाने या पत्राला ‘बाजारपेठ’च नव्हती. लोखंड्यांनी मजुरांची गाऱ्हाणी पत्रातून मांडली, त्यांच्या सभा घेतल्या, १८८४ मध्ये त्यांची संघटना बांधली, त्यांच्या सह्यांचे अर्ज सरकारपुढे ठेवले. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. वाचक निरक्षर आहेत म्हणून या संपादकाने उसासे टाकले नाहीत. त्यांच्यापर्यंत तो स्वतः चालत गेला. तुमचे वाचक तर शिकलेले आहेत, त्यांच्या खिशात पैसे आहेत, त्यांचे पत्ते आणि फोन नंबर तुमच्या वहीत आहेत. तुम्ही त्यांच्यापर्यंत गेलात कधी?

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘आदर्श ठीक आहेत, पण पैशांचं काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. टिळकांच्या ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला होता. ‘मूकनायक’ काही वर्षांत बंद पडला. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ आला. त्यातला बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः लिहीत, तेही वकिली, अध्यापन आणि महाडचा लढा सांभाळून. तो १९२९ मध्ये थांबला, आणि त्यामागे पैशांची ओढाताण हे मोठं कारण होतं. म्हणजे ध्यास होता, वाचकाशी रक्ताचं नातं होतं, तरी पत्र बंद पडलं. ध्यासाने छपाईचं बिल भागत नाही हे मला मान्य आहे.

पण पुढे काय झालं ते पाहा. १९३० मध्ये ‘जनता’ निघालं आणि १९५६ मध्ये त्याचंच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं. एक पत्र बुडालं की दुसरं उभं राहायचं, कारण त्या पत्रांचा वाचक घडलेला होता. पत्राला पैसे का लागतात, किती कमी पडतात, कुणी साथ दिली आणि कुणी नाही, हे बाबासाहेब अंकात उघड लिहीत. गरिबातल्या गरीब वाचकालाही त्यांनी पत्राच्या अडचणीत भागीदार मानलं. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या मासिकाचा जमाखर्च वाचकांपुढे मांडला आहे? किती प्रती छापल्या, किती खपल्या, किती गठ्ठ्यांत पडून राहिल्या, जाहिरातीचे पैसे कुणाकडून आले? हे आकडे तुम्ही लपवता. जाहिरातदाराला फुगवलेला खप सांगायचा आणि वाचकापुढे हात पसरताना गरिबी सांगायची, अशा दोन वह्या ठेवणाऱ्या माणसावर वाचकाने विश्वास का ठेवावा?

जाहिरातीने तुमचा खरा वाचक बदलला, ही सगळ्यांत कडू गोष्ट. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक अजोड परंपरा सुरू झाली. आज त्या परंपरेच्या आडोशाने असे किती अंक निघतात, की ज्यांचं वर्षभर अस्तित्वच नसतं! दसऱ्याच्या आधी ते उगवतात, साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा, सहकारी बँकेच्या संचालकांचा, स्थानिक आमदारांचा हात जोडलेला फोटो पानभर छापतात, आणि दोन फोटोंच्या मधली जागा फुकट मिळालेल्या कथा-कवितांनी भरतात. अशाच एका अंकासाठी माझ्याकडून आग्रहाने लेख घेतला गेला. ऐनवेळी पानभर जाहिरात आली, म्हणून लेखाचा शेवटचा भाग न विचारता उडवला. मानधन दूरच, लेखकाची प्रतही मिळाली नाही. शेवट नसलेला लेख वाचून वाचकाला काय वाटेल, हा विचारच त्यांच्या मनात आला नव्हता. तो अंक ज्याच्यासाठी काढला होता त्याला त्याचा फोटो नीट छापून मिळाला, आणि त्यांचं काम तिथेच संपलं.

काही संपादक याच्या उलट टोकाला जातात आणि त्यालाच वाचकाशी नातं समजतात. वाचकाला काय आवडतं याचा कानोसा घ्यायचा आणि तेच वाढायचं : राशिभविष्य, नटनट्यांच्या गप्पा, आजी-आजोबांच्या गोड आठवणी, कुणालाही न दुखावणारं चिंतन. याला मी लाळघोटेपणा म्हणते. कर्व्यांनी वाचकाची मर्जी सांभाळली नाही. बाबासाहेबांनी आपल्याच लोकांना कठोर शब्द सुनावले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला तो बहुसंख्य वाचक चिडणार हे माहीत असून. वाचकाला समजूतदार मानणारा संपादकच त्याला खडे बोल सुनावू शकतो. मर्जी सांभाळणाऱ्याला वाचकाबद्दल आदर नसतो. वाचकाला कमी समजतं अशीच त्याची मनातून खात्री असते.

१९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत ‘सत्यकथे’ची होळी केली. त्या मासिकाच्या अभिरुचीविरुद्ध लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांचा राग उफाळून आला होता. होळी योग्य होती की नाही यावर आजही वाद घालता येईल. मला त्यात वेगळं काही दिसतं. जाळणाऱ्यांनी ते मासिक वाचलं होतं, त्यातलं पान न् पान त्यांना ठाऊक होतं, आणि तिथे काय छापलं जातं यावर मराठी साहित्याचं भलंबुरं ठरतं असं त्यांना वाटत होतं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. त्याबद्दल लोक अजून भांडतात. आज कोणत्या मासिकावर कुणी इतकं चिडतं? वाचक रागावतो तोवर तो तुमचा असतो. तो गप्प बसला की समजा, त्याने तुमच्याकडून आशा सोडली.

हे सगळं जुन्या काळातच शक्य होतं, असं म्हणून सुटका करून घेऊ नका. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ सुरू केलं आणि दोन वर्षांच्या आत ते गेले. साप्ताहिक मात्र पंचाहत्तरी ओलांडून आजही निघतं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या संपादकपदाच्या काळात त्याने शाळकरी मुलांसाठी स्वस्त दिवाळी अंक काढून लाखोंच्या संख्येने पोचवला. मुलं वाचत नाहीत अशी सार्वत्रिक रड चालू असतानाची ही गोष्ट आहे. विद्या बाळ यांनी ‘स्त्री’ मासिकाच्या संपादनाचा अनुभव गाठीशी बांधून १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. मागे कारखाना नव्हता, वृत्तपत्रसमूह नव्हता. बाईने स्वतःच्या जगण्याकडे नव्याने पाहावं, हा एक विषय होता, आणि कधी काही न लिहिलेल्या बायकांना त्यांचे अनुभव लिहायला लावण्याची चिकाटी होती. ‘वाचक नाही’ म्हणणाऱ्यांनी या अंकांचे जुने खंड काढून वाचावेत आणि मग बोलावं.

मोबाइलने वाचक पळवला, या तक्रारीलाही मी भीक घालत नाही. त्याच मोबाइलवर आता काही संपादक किती जणांनी अंगठा दाखवला याची बेरीज करत बसले आहेत. आकडा मोठा दिसतो, म्हणून वाचक मिळाल्याचा भास होतो. त्यांतल्या एकाचंही नाव, गाव, काम, अडचण तुम्हाला माहीत नसेल, त्यांतला एकही जण तुमच्यासाठी शंभर रुपये काढायला तयार नसेल, तर ती नुसती गर्दी आहे. नातं जुळवणारे तीनशे वाचक नियतकालिकाला उभं करतात. बघून पुढे जाणारे तीन लाख त्याच्या छपाईचा एक फर्माही भागवत नाहीत.

वाचकांनाही मी मोकळं सोडणार नाही. अंक बाजारात आल्या आल्या त्याची पीडीएफ करून गटागटांत फिरवणारे, ‘मराठी वाचवा’च्या घोषणा पुढे ढकलत वर्षाची वर्गणी मात्र न भरणारे, हे सगळे या पडझडीत सामील आहेत. शे-दोनशे रुपयांची वर्गणी महाग वाटते आणि एका संध्याकाळच्या हॉटेलच्या बिलात तिच्या पाचपट खर्च होतो, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. फुकट घेतलेल्या अंकावर टीका करण्याचा अधिकारही फुकटचाच असतो. संपादकाला जाब विचारायचा तर आधी वर्गणी भरा.

संपादकांनो, तुम्हाला करता येण्यासारखं खूप आहे आणि त्यासाठी अनुदान लागत नाही. आपला विषय ठरवा आणि पहिल्या पानावर दोन वाक्यांत लिहा. विरोधात आलेलं चांगलं पत्र सगळ्यांत आधी छापा आणि त्याला नाव घेऊन उत्तर द्या. चूक झाली तर दुरुस्ती त्याच आकाराच्या अक्षरांत द्या. वर्षातून एकदा खपाचा आणि पैशांचा खरा हिशेब अंकात मांडा. नव्या लेखकाचं लिखाण परत करताना ते का परत केलं हे दोन ओळींत कळवा. जिथे तुमचे पंधरा-वीस वर्गणीदार आहेत त्या गावी जाऊन त्यांच्यासमोर बसा आणि त्यांचं ऐका. आणि ज्या दिवशी सांगण्यासारखं काही उरणार नाही, त्या दिवशी राहिलेली वर्गणी परत करून अंक सन्मानाने बंद करा.

वाचकहो, तुमच्याकडे कुणी वर्गणी मागायला आलं तर मासिक किती जुनं आहे, त्यात कोण कोण नामवंत लिहितात, हे विचारत बसू नका. एवढंच विचारा : मी विरोधात पत्र लिहिलं तर छापाल का, आणि उत्तर द्याल का? ‘हो’ म्हणणाऱ्याला वर्गणी द्या आणि त्याला त्याच्या शब्दाला बांधून ठेवा. बाकीच्यांना एक रुपयाही देऊ नका.